तळाची खरवड

गुरुवारी सकाळी रेमंडनं कॉर्नफ्लेक्सच्या वाटीत चमचा ठेवला आणि माझ्या आईला विचारलं, "उना, दक्षिणेकडे किनाऱ्यावर ते मोठं हॉटेल आहे ना, तिथं तिन्ही वेळचं जेवण धरून काय पडतं, तुला कल्पना आहे?"

आईला कल्पना होती. त्याच हॉटेलात तिनं अठरा वर्षं खोल्या आवरल्या होत्या. पहाटे पाचच्या बसनं जायचं, दोन तास बसून. संध्याकाळी परत दोन तास. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते त्या चार वर्षांत तिनं आमच्या घरावर भाड्यानं द्यायला दोन खोल्या चढवल्या, त्यांना निळा रंग दिला आणि गेल्या महिन्यात नोकरी सोडली. तिथल्या मॅनेजरनं महिनाअखेरपर्यंत तिची जागा धरून ठेवली होती. "नाही जमलं तर ये परत," असं तो हसून म्हणाला होता, आणि ते हसणं आई अजून विसरली नव्हती.

रेमंड आणि त्याची बायको आयरीन हे आमचे पहिले पाहुणे. कॅनडाहून आमच्या बेटावर दहा रात्रींसाठी आलेले. त्यातल्या दोनच झाल्या होत्या.

"खोलीत काही कमी पडलं का?" आईनं विचारलं.

"खोली उत्तम आहे. पण काल आम्ही किनाऱ्यावर जेवलो. एकेक मासा, मूठभर भात आणि सरबत. दोघांचे दोनशे तीस डॉलर झाले."

"आणि मासा बर्फातला होता," आयरीन म्हणाली. "समोर समुद्र, आणि मासा बर्फातला."

"शनिवारपर्यंत बघतो," रेमंड म्हणाला. "इथलं, चांगलं आणि परवडेल असं जेवण मिळालं तर राहू. नाहीतर रविवारी तिकडे हलू. राग मानू नकोस, उना."

"मिळेल," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या तरी वतीनं सही करून टाकली होती.

स्वयंपाकघरात आल्यावर तिनं दार लावलं. आमचा नाश्ता चुलीवर होता. कांदा-टोमॅटोत परतलेला खारा मासा, तळलेल्या जाड पुऱ्या, वर जायफळ किसलेला कोकोचा चहा. पाहुणे आल्यापासून आम्ही दार लावून खात होतो.

"आई, हेच त्यांना दे ना. दुपारचंही तूच कर."

"हे? वेडी आहेस का, केझिया? अठरा वर्षं बघितलंय मी ती माणसं काय खातात ते."

"त्यांना काय दिलं जातं ते बघितलंस तू. ते काय खातील ते कुठं बघितलंस?"

"चार वर्षं शिकून आलीस ती आईला उलट बोलायला?" ती म्हणाली आणि कढईवर झाकण ठेवलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून.

तीन दुपारी माझ्या हातात होत्या. मी एका वहीत तीन रकाने आखले: जागा, वेळ, काय मिळालं.

गुरुवारी मी त्या दोघांना बसनं सोतेर गावात नेलं, मिस फिलोच्या खानावळीत. बाजारामागं पत्र्याची शेड, चार बाकं. तिथं पंधरा डॉलरमध्ये वाटाण्याचा रस्सा, भात, उकडलेला नीरफणस आणि माशाचा तुकडा मिळतो. शाळेत असताना मी तिथंच वाढले म्हटलं तरी चालेल. रेमंडला दुपारी दोनला जेवायची सवय होती, म्हणून आम्ही पावणेदोनला पोचलो.

मिस फिलो पातेली उलटी घालून बसली होती.

"संपलं, डूडू," ती म्हणाली. आमच्याकडे बायका लाडानं कुणालाही डूडू म्हणतात. "साडेबारालाच संपलं. तू या बेटावर जन्मलीस ना? दोन वाजता जेवायला येतात होय?"

तिचं बरोबर होतं. ती पहाटे चारला चूल पेटवते, अकराला बंदरावरची माणसं येतात, एकला पातेली घासून होतात. मी चार वर्षं विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये काढून हे विसरले होते. त्या दुपारी रेमंड आणि आयरीननं दुकानातून पाव आणि चीज आणून खोलीत खाल्लं. वहीत मी लिहिलं: चूक जागेची नाही, वेळेची. उद्या तीच जागा, वेळ साडेअकरा.

शुक्रवारी आम्ही बरोब्बर साडेअकराला हजर. शेडमध्ये वाफ होती, हळदीचा आणि ओव्याच्या पानांचा वास होता, बाकांवर माणसं होती. मी मनात म्हटलं, झालं काम. मिस फिलोनं मान वर केली, माझ्यामागं उभ्या असलेल्या दोन गोऱ्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि तिच्या हातातली पळी थांबली.

"बसा, बसा!" ती ओरडली. बाकावरच्या दोन माणसांना तिनं उठवलं. कुठून तरी फुलाफुलांचं मेणकापड आणून बाकावर अंथरलं. मग मागच्या दारानं ती निसटली, आणि दहा मिनिटांनी आमच्यापुढं तीन ताटल्या आल्या: तळलेली कोंबडी, बटाट्याचे तळलेले काप आणि लाल सॉसची पुडी. समोरच्या दुकानातून धावत जाऊन आणलेल्या.

"मिस फिलो, हे काय? रस्सा कुठं आहे?"

तिनं मला दंडाला धरून पातेल्यांमागं ओढलं. "हळू बोल! तू पाहुणे घेऊन येतेस, आधी सांगत नाहीस, आणि मी त्यांना काय वाढू, खारं आणि कंद? माझी काही लाज आहे की नाही?"

"त्यांना तेच हवंय."

"त्यांना ठाऊक नाही काय हवंय ते. कोंबडी कुणाला नको असते?"

पैसे मात्र तिनं कोंबडीला दिले तेवढेच घेतले. ती बनेल नव्हती. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. बाकावरचा एक कोळी भाताचा डोंगर उपसत होता, आणि आयरीन सगळा वेळ त्याच्याच ताटाकडे बघत होती. रेमंड त्याच्याकडे पाठ करून बसला होता. बाहेर पडताना तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे इथली माणसंही हेच खातात." मला ते लागलं.

वहीत दुसरी ओळ लिहिली: वेळ बरोबर, जागा बरोबर. माणूस पाहुणा दिसला की अन्न बदलतं. तो पाहुणा न दिसेल असं काय करता येईल?

याचं उत्तर मला संध्याकाळी परसातल्या झाडाखाली मिळालं. एक नीरफणस पडायला आला होता, सालीवर चीक सुकलेला. उद्या शनिवार. आमच्या आन्स काको गावात महिन्यातल्या पहिल्या शनिवारी किनाऱ्यावर तीन दगडांवर मोठा हंडा चढतो. त्याला आम्ही ऑइल डाऊन म्हणतो. नीरफणस, खारवलेलं मांस, कच्ची केळी, पिठाचे मुटके, वर अळूची पानं, आणि सगळं बुडेल इतकं हळद घातलेलं नारळाचं दूध. दूध आटून त्याचं तेल तळाशी बसेपर्यंत शिजवायचं, मध्ये एकदाही ढवळायचं नाही. हे विकत मिळत नाही. कुणी नारळ आणतं, कुणी लाकडं, कुणी नुसते हात. ज्यानं काही आणलं किंवा केलं, त्यानं ताटली पुढं करायची. हा नियम टँटी मर्लचा. टँटी म्हणजे मावशी, आणि ती सगळ्या गावाची. तीस वर्षं हंडा तीच रचते, दुसऱ्या कुणाला रचू देत नाही.

मी लगेच तिच्याकडे गेले. ती पायरीवर बसून खारवलेली डुकराची शेपटी पाण्यात घालत होती.

"टँटी, उद्या आमच्या पाहुण्यांना आणते."

"आण की. त्यांच्यासाठी मॅकरोनी करते भट्टीत. वेगळी."

"वेगळं काही नको. हंड्यातलंच."

ती हसली. मग मी हसत नाही हे पाहून थांबली. "पोरी, पाहुण्याला शेपटी वाढायची? उद्या ते तिकडे जाऊन सांगतील, आम्हाला पानावर शेपटी वाढली म्हणून. तुझी आई परवानगी देईल?"

"आईला मी बघते. टँटी, ते रविवारी निघून चाललेत. ते गेले तर आई परत पाचची बस पकडेल. तुला ठाऊक आहे ना तिचे गुडघे कसे झालेत?"

टँटीनं पाण्यात हात बुडवून शेपट्या उलट्यापालट्या केल्या. "मग तर मॅकरोनीत जास्त चीज घालायला हवं," ती म्हणाली.

आई तर ऐकूनच खुर्चीत बसली. "तिकडे माणसं बियरच्या खोक्यांवर बसून जेवतात, केझिया. हातानं. रोलो गाणी म्हणतो, तीही कसली! मी आयरीनला तिथं नेऊ?"

"तू नको नेऊस. मी नेते. आणि एकला नाही, सकाळी नवाला."

"नवाला? नवाला तर तिथं काहीच नसतं. नुसतं सोलणं आणि किसणं."

"म्हणूनच," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी मी तो नीरफणस काठीनं उतरवला आणि आयरीनच्या हातात दिला. चार किलोंचा तरी असेल.

"हे तुमचं तिकीट," मी म्हणाले. "कुणी मागितलं तरी देऊ नका. जिला द्यायचंय ती मी दाखवेन."

"आणि माझं?" रेमंडनं विचारलं. मी त्याच्या खांद्यावर दोन नारळ लटकवले.

किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली हंडा आडवा पडला होता. चारपाच बायका नारळ फोडत होत्या, आणि रोलो, आमच्या गावचा बसवाला, लाकडं रचत होता. आम्हाला बघून सगळे उभे राहिले, अगदी मिनिस्टर आल्यासारखे. टँटी मर्लनं नीरफणस दोन्ही हातांनी घेतला, 'थँक्यू, मॅडम' म्हणाली, आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या थेट सावलीत नेऊन ठेवल्या, हंड्यापासून वीस पावलांवर.

पाहुणे बसले. सगळे हळू आवाजात बोलू लागले. रोलोनं गाणं म्हटलं नाही. मी नारळ किसायला बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. माझा सगळा हिशेब आयरीन स्वतःहून उठेल यावर होता, आणि तिला उठायला सांगितलं असतं तर ते सांगून केल्यासारखं झालं असतं.

बाराव्या मिनिटाला ती उठली. पण नारळाकडे आली नाही. रोलोची बहीण जोसिलिन परातीत मुटक्यांचं पीठ भिजवत होती, तिच्यामागं जाऊन उभी राहिली. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "पाणी फार झालंय, बाळ. सरक बघू."

जोसिलिन इतकी चपापली की सरकली. आयरीननं बाह्या वर केल्या, कोरडं पीठ भुरभुरलं, आणि दोन्ही मुठींनी पीठ मळायला लागली. त्या मुठी पाहुण्याच्या नव्हत्या. खांद्यातून जोर येत होता, पीठ परातीच्या कडेला आपटून परत मध्ये येत होतं. तीनचार मिनिटांत गोळा गुळगुळीत झाला.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शाळेच्या स्वयंपाकघरात. सव्वीस वर्षं. तीनशे चाळीस मुलं रोज."

"तुम्ही सांगितलं नाहीत!"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "सगळे खुर्च्याच देत होते."

टँटी मर्ल वीस पावलांवरून हे बघत होती. ती आली, गोळ्याचा तुकडा तोडला, तळव्यांमध्ये वळला, वाकवून बघितला. तुटला नाही. "हं," ती म्हणाली. टँटीचं 'हं' आमच्या गावात प्रमाणपत्राइतकं चालतं. "असे शंभर हवेत. बोटाएवढे लांब. जाड केलेस तर मधे कच्चे राहतील."

"मला माहीत आहे," आयरीन म्हणाली.

"माहीत आहे म्हणे!" टँटी बायकांकडे वळून म्हणाली, पण या वेळी मॅडम म्हणाली नाही.

तिकडे रेमंडला रोलोनं चूल राखायला बसवलं होतं. तो आयुष्यभर नळाची कामं करत आलेला माणूस. वारा कुठून येतो हे बघून त्यानं एक दगड बोटभर सरकवला आणि धूर बायकांच्या तोंडावर यायचा थांबला. रोलोनं गाणं सुरू केलं. दुसरं कडवं मी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

मग टँटीनं हंडा रचला. खाली मांस, त्यावर नीरफणसाच्या फोडी, मग केळी, गाजर, मग मुटके कडेनं उभे, वर अळूची पानं गोधडीसारखी दाबून, आणि शेवटी हळदीचं पिवळंधमक दूध. आयरीन तिला एकेक वस्तू हातात देत होती आणि काही विचारत नव्हती. झाकण पडलं. दीड तास कुणी त्याला हात लावला नाही. मी दर दहा मिनिटांनी कान लावून ऐकत होते: आधी खदखद, मग दाट पुटपुट, मग तेल सुटल्यावर येतो तो बारीक चर्र आवाज.

बरोब्बर त्या आवाजाला टँटीचा भाचा गाडीतून उतरला. त्याच्या हातात दोन खोकी होती. तळलेली कोंबडी.

"काल सांगून ठेवलं होतं," टँटी म्हणाली, आणि खोकी घेऊन थेट त्या दोन खुर्च्यांकडे निघाली. "मॅकरोनी करायला वेळ झाला नाही. या, तुम्ही बसा. दमलात."

आयरीन पिठाच्या हातांनी उभी होती. रेमंडनं खोक्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मला दिसत होतं की तो आता खुर्चीत बसेल, सभ्यपणे कोंबडी खाईल, आणि उद्या सकाळी सामान भरेल. मी वाटेत उभी राहिले.

"टँटी, नियम काय आहे?"

"बाजूला हो, केझिया."

"नियम सांग. तीस वर्षं तूच सांगतेस. हंड्याला कुणाचा हात लागला?"

"पाहुण्यांना नियम नसतो."

"पीठ कुणी मळलं? धूर कुणी थांबवला? नीरफणस कुणाच्या झाडाचा आहे ते सोड, पण उचलून कुणी आणला? त्यांना कोंबडी दिलीस तर मलाही कोंबडीच दे. मी तर नुसता नारळ किसला."

टँटीचा चेहरा तापला होता. सगळ्यांसमोर तिला असं बोलणं मला शोभलं नाही, हे मला आजही मान्य आहे. पण मी हटले नाही.

रोलो हळूच म्हणाला, "टँटी, मी ती खोकी धरू का तोवर? जड असतील."

कुणीतरी फिसकन हसलं. टँटीनं खोकी त्याच्या छातीवर आदळली. "धर! खा! तू सकाळपासून फक्त गाणी म्हटलीस, तुला कोंबडीच!" मग ती आयरीनकडे वळली. "शेपटी खातेस?"

"कशी केलीय त्यावर आहे," आयरीन म्हणाली.

"कशी केलीय म्हणे!" टँटीनं झाकण उघडलं.

तिनं दोघांना वाढलं ते वरवरचं होतं, मऊ अळू, दोन मुटके, एक सुबक फोड. मी काही बोलणार तोच आयरीननं हंड्यात वाकून बघितलं. "तळाला जे लागलंय ते कुणाचं असतं?"

सगळ्यांनी टँटीकडे बघितलं. तळाची खरवड, तेलात तळून निघालेली, हळदीनं काळपट सोनेरी झालेली, ती टँटीची असते आणि ती ज्याला देईल त्याची. भांडणं झाली आहेत तिच्यावरून. टँटीनं लांब पळी घेतली, तळ खरवडला, आणि कुरकुरीत, तेलकट असा एक मोठा पापुद्रा आयरीनच्या ताटलीत टाकला.

आयरीन उभ्यानंच खात होती. डोळे मिटलेले. मग तिनं बोटं चाटली आणि रेमंडला म्हणाली, "तुला देणार नाही." रेमंडला शेपटी आवडली नाही, ती त्यानं गुपचूप माझ्या ताटलीत सरकवली. पण मुटके त्यानं अकरा खाल्ले. मी मोजले.

आई तेव्हाच किनाऱ्यावर आली. पाहुण्यांची शोभा झाली असेल अशा तयारीनं, चांगला झगा घालून. तिला आयरीन बियरच्या खोक्यावर बसलेली दिसली, कोपरापर्यंत पिवळी, टँटी मर्लशी पिठातल्या पाण्यावरून वाद घालत. टँटीनं तिला ताटली दिली, आणि ती उभ्यानं जेवली.

रविवारी सकाळी मी जिन्यावर सामानाचा आवाज येतो का ऐकत होते. आला नाही. आईनं टेबलावर वाट्या मांडल्या, कॉर्नफ्लेक्सचं खोकं हातात घेतलं. स्वयंपाकघराचं दार लावायला ती विसरली होती, किंवा नसेलही विसरली. आयरीन त्या दारात येऊन उभी राहिली. नाकानं आधी, मग मानेनं, तिनं कढईकडे बघितलं.

"उना, हे रोज करतेस?"

"रोज."

"आणि आम्हाला हे," आयरीननं तिच्या हातातल्या खोक्याकडे बोट केलं, "पाच दिवस?"

आईनं खोक्याकडे बघितलं. मग ते तिनं फळीवर, सगळ्यात वरच्या, जिथं हात पोचायला स्टूल लागतं तिथं ठेवलं. मग बाकावर बसली आणि सरकून जागा केली.

"रेमंडला हाक मार," ती म्हणाली. "गार झालं की माशाची मजा जाते."